मीटरकाकांचा लाल खडू

निवृत्त माणसाला भाजी आणायला पाठवावं, सकाळचा पेपर पहिल्यांदा वाचू द्यावा, फारच झालं तर रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तक्रारी लिहू द्याव्यात. पण आकडे दाखवणारं यंत्र त्याच्या हातात देऊ नये. काकूंना हे चांगलं ठाऊक होतं. पण दवाखान्यातल्या सिस्टरनी काकूंना विचारलंच नाही. त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र परस्पर देऊन टाकलं, आणि तेही नेमकं मीटरकाकांना.

मीटरकाका म्हणजे वीज कंपनीतले निवृत्त मीटर रीडर. उभी नोकरी लोकांच्या जिन्याखाली वाकून, टॉर्च दातात धरून आकडे टिपण्यात गेली. त्यातून त्यांचं एक पक्कं तत्त्वज्ञान तयार झालं होतं. जगात माणसं दोनच प्रकारची: मीटरमध्ये फेरफार करताना सापडलेली आणि अजून न सापडलेली. मागच्या वर्षी त्यांना स्वतःला प्रेशर निघालं, तेव्हा हा अपमान त्यांनी आठवडाभर कुणालाच सांगितला नाही. पुढे काकूंनी चहाबरोबर गोळी हातावर ठेवायला सुरुवात केली, खारे दाणे कुलपात गेले, संध्याकाळचं चालणं सक्तीचं झालं आणि आकडा उतरला. काकांनी याचं सगळं श्रेय आपल्या मनोनिग्रहाला दिलं. काकूंनी ते घेऊ दिलं. संसारात एवढं चालायचंच.

"तुमच्या गल्लीत घरटी एक पेशंट आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण इथे यायचं म्हणजे दोन बस बदला, अर्धा दिवस मोडा. कोण येतंय? म्हणून यंत्र आणि महिन्याच्या गोळ्या आम्ही तुमच्याकडे ठेवतो. तुम्ही साहेब व्हायचं नाही हं काका. तुम्हीही त्यांच्यासारखेच पेशंट. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं, एकमेकांचं मोजायचं, गोळी चुकली तर का चुकली ते विचारायचं, आपण कसं जमवलं ते सांगायचं. तीन महिन्यांनी वरचे साहेब बघायला येतील. नीट चाललं असेल तर सगळं गल्लीतच राहील. नाही तर यंत्र दुसरीकडे जाईल आणि तुमच्या लोकांच्या पुन्हा दोन बस."

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. सिस्टर बोलत होत्या तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात गल्लीचे तीन विभागही पाडून टाकले होते. पण दोन बसचं ऐकून त्यांना कोपऱ्यावरचा सायकलवाला आठवला, हेही खरं. तो असाच गोळ्या संपल्या म्हणून थांबला होता आणि एका दुपारी पंक्चर काढता काढता अर्धं अंग गमावून बसला होता. आता तो दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसता बघतो. काका तिथून जाताना नेहमी पलीकडच्या बाजूने जात.

यंत्र हातात पडणं हे एक वेगळंच पुराण झालं. दवाखान्याच्या भांडारातल्या बाबूने यंत्र दिलं, पण दंडाला बांधायचा पट्टा दिला नाही. यंत्र उपकरणात मोडतं, पट्टा कापडात मोडतो आणि कापड चादरींच्या खात्यात मिळतं. चादरींच्या खात्याने लहान मुलाचा पट्टा पुढे केला. मोठ्या माणसाचा हवा असेल तर आधी जुना जमा करायला हवा.

"अहो, जुना नाहीच आहे. हा पहिलाच आहे," काका म्हणाले.

"तेच तर. जुनाच नाही, तर नवा कशाच्या बदल्यात देऊ?"

सेल आणखी तिसरीकडे होते. शेवटी सिस्टरनी स्वतः जाऊन एका आवाजात तिन्ही खाती हलवली. तरी यंत्र घरी येईपर्यंत काकांचं डोकं इतकं तापलं होतं, की काकूंनी पहिल्यांदा त्यांनाच आडवं केलं.

पहिली बैठक काकांच्या घरी ठरली. काकांनी सतरंजी अंथरली, टेबलावर यंत्र मांडलं, नवा शर्ट घातला. हजर राहिले ते काका, काकू आणि शिंपीणबाई. त्यासुद्धा काकांची पँट कमरेत आत घेऊन झाली होती ती द्यायला आल्या होत्या, म्हणून. शिंपीणबाईंचं दुकान समोरच. त्यांना प्रेशर होतं आणि जीभही होती.

"काका, संध्याकाळी कोण येणार? गिऱ्हाइकं यायची हीच वेळ," त्या म्हणाल्या. "व्हॅनवाला शाळेच्या पोरांना घरी सोडत फिरतोय. इस्त्रीवाल्याला तर जागा सोडताच येत नाही. आपणच खाली त्याच्या टपरीपाशी बसू या की."

"सरकारी यंत्र टपरीत?" काका म्हणाले. या तीन शब्दांत त्यांनी विषय संपवला.

लोक येत नाहीत तर आपण जायचं, हे ठरलं. पण कसं जायचं? इथे नोकरीतला अनुभव मदतीला धावून आला. काका नेहमी म्हणत, सांगून गेलं की मीटर सुधारतं. तेव्हा न सांगता जायचं. दुसऱ्या दिवसापासून गळ्यात पिशवी, पिशवीत यंत्र, अशी त्यांची स्वारी कधीही, कुठेही उगवायला लागली. दारावर त्यांची ती जुनी दणदणीत थाप पडे आणि सवयीने तोंडातून आरोळीही जुनीच निघे, "मीटर!"

शिंपीणबाईंची पहिल्याच आरोळीला सुई मोडली. व्हॅनवाला जेवत होता, त्याला ठसका लागला. घास हातात तसाच असताना काकांनी दुसऱ्या हाताला पट्टा आवळला आणि आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. वाढलेला! शिंपीणबाईंचा वाढलेला. तळमजल्यावरच्या आजींचा तर असा, की काकांनी सेल बदलून पुन्हा मोजलं. तेवढ्या खटपटीत तो आणखी वाढला. पंधरा दिवसांत गल्लीचा एकूण रक्तदाब दवाखान्याने कळवला होता त्याच्याही वर गेला. काकांच्या मनात शंकाच उरली नाही. मंडळी फेरफार करत होती. त्यांनी आता मिठाच्या बरण्या तपासायला सुरुवात केली.

"अहो, तुम्ही दार वाजवलंत की माझंही काळीज हलतं," काकू म्हणाल्या, "आणि मी तुमची बायको आहे."

पण काकांचा शास्त्रावर विश्वास होता. त्यांनी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीशेजारची भिंत पुसून घेतली आणि तिच्यावर आठवड्याचे आकडे लिहायला लागले. आकडा बरा असेल तर पांढऱ्या खडूने. चढा असेल तर लाल. लोकांना लाज वाटली की लोक सुधारतात, हाही नोकरीतलाच अनुभव.

भिंतीवर आकडे आले आणि सल्ल्यांना ऊत आला. कुणी लसूण खाऊन मोजायला बसू लागलं. त्या आठवड्यात काकांनी मोजणी नाक दाबूनच केली. व्हॅनवाल्याने शोध लावला, की श्वास रोखून धरला की आकडा कमी येतो. तो रोखता रोखता एकदा निळा पडला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना तर प्रेशर नव्हतंच, म्हणून ते सगळ्यांत जास्त सल्ले देत. शिंपीणबाई म्हणाल्या, "माझ्या मावशीचं प्रेशर भाडेकरू गेल्यावर आपोआप उतरलं. आपलंही उतरेल, काका चार दिवस गावाला गेले तर." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 

या सगळ्यांत लाल खडू हमखास लागायचा तो इस्त्रीवाल्यासाठी. त्याची टपरी जिन्यालगतच, म्हणजे भिंतीच्या अगदी समोर. धिप्पाड गडी, मनगटं माझ्या-तुमच्या पोटरीएवढी, बोलणं मात्र मोजून मापून. काका विचारत, "गोळी घेतोस ना?" तो म्हणे, "हो." "मीठ?" "कमी केलंय." "मग आकडा कसा उतरत नाही?" यावर तो मान खाली घालून कॉलर दाबत राही. गिऱ्हाइकं कपडे न्यायला आली की भिंत वाचत आणि हसत, "काय रे, इस्त्री तापते का तू?" तो हसायचा नाही. नुसता कपडा पलटायचा.

तपासणीचा दिवस जवळ आला तसतशी काकांची झोप उडाली. त्यांनी चालणं सोडलं, त्या वेळात ते भिंतीसमोर उभे राहून बेरजा करत. काकूंनी चहाबरोबर ठेवलेली गोळी दोनदा तशीच बशीत राहिली. "मी कंट्रोलमध्ये आहे," काका म्हणाले, "प्रश्न माझा नाही." आणि खरोखरच हळूहळू भिंतीवर पांढरं वाढू लागलं, लोक आरोळीला सरावले होते एवढंच. शेवटी लाल एकच उरला. इस्त्रीवाला.

तपासणीच्या सकाळी काका आपला ठेवणीतला शर्ट घेऊन टपरीवर गेले. आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे पुढे किती तरी दिवस त्यांना घास गिळू देणार नव्हतं. "हे बघ," ते म्हणाले, "आज आकडा खाली पाहिजे. अख्ख्या गल्लीच्या गोळ्या तुझ्या एका दंडावर आहेत."

इस्त्रीवाल्याने शर्ट घेतला. "बघतो," म्हणाला.

साहेब काकांच्या घरी आले. बरोबर सिस्टर. साहेब फाईल उघडून सतरंजीच्या कडेवर बसले. काकूंनी पाणी दिलं. एकेक जण येऊन दंड पुढे करू लागला. शिंपीणबाई, पांढरा. व्हॅनवाला, श्वास न रोखतासुद्धा पांढरा. तळमजल्यावरच्या आजी मोजून झाल्यावर साहेबांकडे बघून विजयाने हसल्या. साहेबांच्या पेनाला वेग आला. काका मात्र दाराकडे बघत होते. इस्त्रीवाल्याचा पत्ता नव्हता.

"एक पेशंट राहिला ना?" साहेबांनी विचारलं.

"आणतो," म्हणून काका उठले. जिना उतरताना त्यांना राग आला होता. ऐन वेळी दांडी! फेरफारवाल्यांची ही शेवटची युक्ती त्यांना पाठ होती: माणूस घरी नाही, दाराला कुलूप. खालच्या वळणावर त्यांना जळका वास आला आणि राग जागच्या जागी विरला.

टपरीत धूर होता. टेबलावर काकांचा ठेवणीतला शर्ट आणि शर्टाच्या बरोबर छातीवर तापलेली इस्त्री. इस्त्रीवाला टेबलाखाली भिंतीला टेकून बसला होता. अंग घामाने निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते आणि एवढा थोरला हात सुटल्यासारखा खाली लोंबत होता.

काकांना काय करावं सुचेना, पण हातांना सुचलं. त्यांनी मीटरच्या पेटीपाशी धाव घेऊन मेन स्विच खाली ओढला. टपरी अंधारली, जिना अंधारला, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा रेडिओ बंद पडला आणि त्यांनी लगेच सल्ला द्यायला खिडकी उघडली. काका मात्र जिन्याकडे तोंड करून ओरडत होते, "सिस्टर! अहो सिस्टर, लवकर या!" आवाज इतका चिरका निघाला, की काकूंना वाटलं, काकाच पडले.

सिस्टर यंत्र हातात घेऊनच धावत आल्या. त्यांनी गड्याला आडवं केलं, कपड्यांचं गाठोडं पायांखाली सरकवलं, पट्टा बांधला. काका गुडघे टेकून बाजूला बसले. यंत्र गुरगुरलं, थांबलं. आकडा आला.

काकांनी उभ्या जन्मात इतका खाली आकडा पाहिला नव्हता. तीन महिने ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, तो आकडा समोर होता आणि मागितला होता त्याहून कितीतरी खाली. सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं, की एवढा खाली तो चांगला नसतो.

व्हॅनवाल्याने व्हॅन जिन्याशी लावली. चौघांनी मिळून इस्त्रीवाल्याला लहान मुलांच्या सीटांमध्ये आडवं टाकलं. त्याचे पाय सिस्टरनी वर धरले, डोकं काकांच्या मांडीवर. व्हॅन खड्ड्यांतून उसळत निघाली. ज्या खड्ड्यांबद्दल काकांनी सात तक्रारी लिहिल्या होत्या, ते सगळे तेव्हा जागेवर हजर होते. सिस्टर पुन्हा पुन्हा मोजत होत्या आणि काका यंत्राच्या काचेवर डोळे रोवून पुटपुटत होते, "वाढ रे बाबा. थोडा तरी वाढ."

मध्येच इस्त्रीवाल्याने डोळे उघडले. त्याला काकांचा चेहरा उलटा दिसत असणार. तो बारीक आवाजात म्हणाला, "काका, आता पांढरा ना?"

 काकांनी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. हातरुमाल घरी राहिला होता, म्हणून स्वतःच्या बाहीनेच पुसला. आपण या माणसाला मारलं, असंच त्यांना वाटत होतं, आणि दवाखान्याचं फाटक येईपर्यंत वाटतच राहिलं.

दवाखान्यात सलाइन लागलं. बाटलीत काय आहे, असं काकांनी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "मिठाचं पाणी." काकांनी घरोघरी ज्या मिठाच्या बरण्या हुंगल्या होत्या, तेच मीठ थेंबाथेंबाने त्या दांडग्या हातात उतरत होतं आणि काका प्रत्येक थेंबाला मनातून नमस्कार करत होते. दुपार कलली तेव्हा गड्याच्या ओठांना रंग आला. मग तो बोलला, सिस्टरशी.

"गोळी घेतली की तासाभरात दोनदा लघवीला जावं लागतं. टपरीला सोय नाही. सार्वजनिक आहे ती बाजाराच्या पार टोकाला. तापलेली इस्त्री, लोकांचे कपडे, कुणाच्या भरवशावर सोडू? म्हणून गोळी राहायची. आज काका म्हणाले आकडा पाहिजे, तर साठलेल्या सगळ्या एकदम घेतल्या."

सिस्टर काकांकडे वळल्या. "तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं की. दर आठवड्याला विचारलं, गोळी घेतोस ना म्हणून."

"का घेत नाहीस, असं?"

 बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. काका त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मी लाल खडू आणायलाच नको होता गं." काकूंनी पिशवीतून त्यांची सकाळची गोळी काढली. तीही राहिली होती.

साहेबांनी फाईल मिटली आणि यंत्र परत न्यायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही नाही. पण शिंपीणबाई दुकान बंद करून दवाखान्यात आल्या होत्या, आणि त्यांनी दुकान बंद केलं म्हणजे कुणाची तरी धडगत नसते. "न्या यंत्र," त्या म्हणाल्या. "म्हणजे पुढचा माणूस पडेल तेव्हा त्याचा आकडा किती होता हे कुणालाच कळायचं नाही. फाईल स्वच्छ राहील तुमची." साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी खिडकीकडे पाहिलं. शेवटी एक महिना मिळाला, एका अटीवर. यंत्र शिंपीणबाईंकडे राहील. मीटरकाकांकडे कोणतंही पद असणार नाही.

कोणतंही पद नाही! पूर्ण नोकरीत काकांना असा मेमो कधी मिळाला नव्हता. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन त्यांनी फडक्याने भिंत पुसली. लाल रंग सहजासहजी जाईना, तेव्हा पाणी आणून घासली.

पुढची बैठक टपरीपाशी भरली. डॉक्टरांनी इस्त्रीवाल्याची गोळी बदलून दिली होती, तरी फेऱ्या अगदी थांबल्या नव्हत्या. मग गल्लीने पाळ्या लावल्या. तो बाजाराच्या टोकाला जाऊन येईपर्यंत कुणीतरी इस्त्री सांभाळायची. सकाळची पाळी शिंपीणबाईंची, दुपारची व्हॅनवाल्याची, संध्याकाळची काकांची, कारण मोकळं असं तेच होते. काकांना इस्त्री येत नव्हती. ते एका शर्टावर अर्धा तास घालवत आणि तो आधीपेक्षा जास्त चुरगळत. गिऱ्हाइकं हसत. काका मान खाली घालून कॉलर दाबत राहत.

त्या संध्याकाळी इस्त्रीवाला फेरी मारून परत आला, तेव्हा मोजणी चालू होती. सगळ्यांचं झालं. शिंपीणबाई पट्टा घेऊन काकांकडे वळल्या. "या, पेशंट."

"माझं कशाला? मी कंट्रोल..."

"बसा."

काका इस्त्री ठेवून बाकावर बसले. पट्टा आवळला, यंत्र गुरगुरलं. आकडा सगळ्या गल्लीत सर्वांत चढा होता. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता ही मंडळी आपल्याला सोडणार नाहीत, असं समजून त्यांनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस दारोदार जे वाटत फिरलो, ते आता व्याजासकट परत येणार.

कुणी हसलं नाही. इस्त्रीवाला त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. "काका," त्याने विचारलं, "या आठवड्यात काय झालं?"

काकांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कधी कुणाला विचारला नव्हता. 

"झोप लागत नाही रे," ते म्हणाले. "डोळा लागला की तुझा तो हात दिसतो, लोंबणारा. मी फार घाबरलो होतो. अजून घाबरतो."

शिंपीणबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच आवाज चढवला. "मग हे आधी नाही सांगायचं?"

"कुणी विचारलं कुठे?" काका तडकले.  आपलंच वाक्य त्यांच्या कानात शिरत होतं. इस्त्रीवाल्याने त्यांच्या गुडघ्यावर आपला जड हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

तेवढ्यात वास आला. काकांनी इस्त्री उभी करायची सोडून शर्टावरच आडवी ठेवली होती. व्हॅनवाला मेन स्विचकडे धावला, पण इस्त्रीवाल्याने शांतपणे उठून इस्त्री नुसती उचलली. शर्ट हातात धरून त्याने उजेडात पाहिला.

"तुमचाच आहे," तो म्हणाला. "आता पुन्हा मोजू या. पण त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं. बोलायचं नाही."

काका बोलले नाहीत. असं गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे यंत्राकडे कुणी बघेना. सगळे आपले काकांकडेच बघत बसले.